घरातला कायदा : काही शब्द आणि काही गैरसमज

स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्या, असा संस्थेच्या कार्यकर्त्यांचा आग्रह दरवर्षी असतो आणि दरवर्षी आम्ही बँकेच्या योजनांची माहिती लिहून देतो. यंदा विषय बदलला आहे. आम्ही वकील नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत लिपिक म्हणून लागलो आणि पुढची सारी वर्षे काउंटरवरच गेली. परंतु याच काउंटरवर बसून एक गोष्ट वारंवार ध्यानात आली. माणसे कायदा मोडतात म्हणून अडचणीत येतात असे फारसे नसते. फारकत, वारस, नॉमिनी, हक्कसोड हे शब्द ती रोज वापरतात, पण त्यांचा अर्थ एक धरतात आणि कायदा दुसराच धरतो. संस्थेचे सभासद व विशेषतः कॉलेजात शिकणारी आपली मुले-मुली यांच्यासाठी हे चार शब्द आम्ही आमच्या परीने उलगडून सांगत आहोत.

सुरुवात एका प्रसंगाने करतो. नावे-गावे मुद्दाम दिलेली नाहीत. २०२१ साली आमच्या शाखेत एकाच आठवड्यात दोन बाया एकाच माणसाचा मृत्यूचा दाखला घेऊन आल्या. माणूस आपल्याच समाजातला, बांधकामावर मिस्त्री. त्याची ३ लाख ६० हजारांची मुदत ठेव होती. पहिली बाई म्हणाली, "साहेब, मी त्याची बायको. बारा वर्षं माहेरी हाय, पण बायको मीच." दुसरी म्हणाली, "तिची फारकत झालीय. कागद हाय माझ्यापाशी. शेवटपर्यंत दवाखाना मी केला." तिने पिशवीतून १०० रुपयांचा मुद्रांक काढला. त्यावर दोन्हीकडच्या पंचांच्या सह्या, पहिलीचा अंगठा आणि "आजपासून आमचा एकमेकांशी संबंध राहिला नाही" असा मजकूर. आम्ही ठेवीचा फॉर्म उघडून पाहिला, तर नॉमिनी म्हणून दोघींपैकी कोणीच नव्हते. धाकट्या भावाचे नाव होते. म्हातारी आईही हयात होती. पहिलीला एक मुलगा, दुसरीला दोन मुली.

हे पैसे कोणाचे? वाचकांनी आपल्याशीच उत्तर ठरवून ठेवावे. आम्ही शाखेत चारचौघांना विचारले तेव्हा चार उत्तरे आली. कोणी म्हणाले नॉमिनीचे, कोणी म्हणाले जिने सेवा केली तिचे.

तिकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न उरकून घेऊ, कारण तो प्रत्येक शिबिरात कोणी ना कोणी तावातावाने विचारतो. आपण बौद्ध आहोत, मग आपल्या लग्नाला आणि वाटणीला हिंदू विवाह कायदा व हिंदू वारसा कायदा कसा लागतो? उत्तर असे की, १९५५ च्या विवाह कायद्याच्या दुसऱ्याच कलमात तो बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू राहील असे स्पष्ट लिहिले आहे. बाकीच्या तीन कायद्यांतही तसेच आहे. त्याने आपला धम्म बदलत नाही. लग्न, वारसा, पालकत्व व दत्तक या चार बाबींत कोणते नियम चालतील एवढेच त्यातून ठरते. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा व्हावा ही मागणी जुनी आहे आणि तिच्यावर मते असू शकतात. तो होईपर्यंत न्यायालयात जे पान उघडले जाते ते हेच.

या कायद्यांशी आपले नाते परकेपणाचे नाही, हेही विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे. बाबासाहेबांनी कायदामंत्री म्हणून हिंदू कोड बिलासाठी जी झुंज दिली, ती याच चार कायद्यांसाठी होती. एकपत्नीत्व, स्त्रीला घटस्फोटाचा हक्क, मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा, ही त्या बिलाची मुख्य अंगे. ते बिल बाजूला टाकले गेले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागच्या कारणांत हे एक मोठे कारण होते. पुढे त्याच बिलाचे तुकडे करून चार कायदे झाले. विवाह १९५५ चा. वारसा, अज्ञानत्व व पालकत्व आणि दत्तक व पोटगी हे तिन्ही १९५६ चे. शेवटचा कायदा २१ डिसेंबर १९५६ चा आहे. महापरिनिर्वाणाला तेव्हा पंधरा दिवस झाले होते.

आता लग्न. कायद्याच्या सातव्या कलमानुसार वधू किंवा वर यांपैकी कोणाच्याही समाजातील रूढ विधीप्रमाणे लागलेले लग्न वैध असते. सप्तपदी ज्यांच्या विधीत असेल त्यांच्यापुरतीच आवश्यक. आपल्याकडे त्रिशरण-पंचशील, मंगल परिणयाचे विधी, पुष्पमाला घालणे असा क्रम असतो. सप्तपदी झाली नाही म्हणून बौद्ध पद्धतीचे लग्न लग्नच नव्हे, हा युक्तिवाद मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेला नाही. परंतु विधी झाला हे सिद्ध करता आले पाहिजे. उलट बाजूही आहे. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितले की विधी न करता या कायद्याखाली नुसते नोंदणीचे प्रमाणपत्र आणले तर त्याने लग्न होत नाही. म्हणजे विधीही हवा आणि नोंदही हवी. विधीच नको असेल, किंवा वधू-वर वेगवेगळ्या धर्मांचे असतील, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते.

नोंदणीचा आळस मात्र आपल्याकडे भारी. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे. खेड्यात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपरिषदेत नोंद होते. ज्ञापनावर वधू-वर, साक्षीदार व विधी लावणारे यांच्या सह्या लागतात. लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी त्याच मांडवात, जेवणाच्या पंगती उठण्याआधी सह्या घेऊन ठेवाव्यात अशी आमची सूचना आहे. पंधरा वर्षांनी साक्षीदार शोधत फिरणारी बाई आम्ही पाहिली आहे. एक साक्षीदार वारलेला, दुसरा ऊसतोडीला कर्नाटकात.

ऊसतोडीचा उल्लेख आला म्हणून बालविवाहाविषयी. आपल्या जिल्ह्यात हा शब्द वर्तमानपत्रातला नाही, गल्लीतला आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे जोडपे. मुलगी एकटी मागे ठेवायची कोणाकडे, हा आईबापाचा प्रश्न खोटा नसतो. दोन्ही मिळून दसऱ्याच्या आत लग्ने उरकली जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झाल्याचे दिसले. लग्नाचे वय मुलीला १८ पूर्ण, मुलाला २१ पूर्ण. हे सर्वांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते पुढचे.

कायद्यात दोन शब्द आहेत, शून्य विवाह आणि शून्यकरणीय विवाह. शून्य म्हणजे ते लग्न मुळात झालेच नाही असे धरायचे. शून्यकरणीय म्हणजे लग्न आहे, पण बाधित व्यक्तीने मागणी केली तर न्यायालय ते रद्द करू शकते. पहिली पत्नी हयात व घटस्फोट झालेला नसताना केलेले दुसरे लग्न शून्य असते. बालविवाह सर्वसाधारणपणे शून्यकरणीय असतो. पळवून नेऊन किंवा विक्री करून लावलेला असेल तर तोही शून्य. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार मुलगी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे विसाव्या वर्षाच्या पूर्तीपर्यंत, ते लग्न रद्द करून मागू शकते. रद्द झाले तरी तिला पुनर्विवाह होईपर्यंत पोटगी व राहण्याची सोय मागता येते आणि मूल झाले असेल तर ते औरसच राहते. आपल्या कॉलेजातील किती मुलींना हे माहीत आहे? एकदा वीस वर्षे उलटली की हा दरवाजा बंद होतो, मग घटस्फोटाचाच रस्ता. लग्न लावणारे, ठरवणारे व होऊ देणारे यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. त्यात लग्न लावणारा बौद्धाचार्यही आला. वयाचा दाखला पाहिल्याशिवाय तारीख देऊ नये.

आता त्या मुद्रांकाकडे येऊ. फारकत, सोडचिठ्ठी, काडीमोड हे शब्द आपल्या भाषेत घटस्फोटाच्या अर्थाने चालतात. पूर्वी पंच बसत, चार माणसांसमोर मोकळीक दिली जाई आणि बाई दुसरा घरोबा करी. कायद्याने ही रूढी सरसकट मोडली नाही. विवाह कायद्याच्या २९ व्या कलमात रूढीने मिळणारा घटस्फोट राखून ठेवलेला आहे. पण त्यात मेख अशी की, तशी रूढी आपल्या समाजात प्राचीन काळापासून, अखंड चालत आलेली आहे हे फारकतीचा आधार घेणाऱ्याने पुराव्यानिशी सिद्ध करायचे. फार थोड्यांना ते जमते. त्यामुळे व्यवहारात धरून चालावे की मुद्रांकावर लिहून, नोटरीचा शिक्का मारून, पंचांच्या सह्या घेऊन घटस्फोट होत नाही. न्यायालयाचा हुकूमनामा हातात येईपर्यंत नवरा-बायको हे नवरा-बायकोच असतात, मग ती बारा वर्षे वेगळी का राहत असेनात. परित्यक्ता म्हणून आपण जिचा उल्लेख करतो, ती कायद्याच्या नजरेत पत्नी असते, तिचे हक्क शाबूत असतात. शंभराचा मुद्रांक देऊन तिला ते सुटल्याचे सांगितले जाते आणि ती बिचारी मानते.

दोघांचीही खरोखर तयारी असेल तर न्यायालयातला रस्ताही फार अवघड नाही. १९७६ पासून परस्पर संमतीने घटस्फोटाची सोय आहे. एक वर्ष वेगळे राहिलेले असावे, दोघांनी मिळून अर्ज करावा, सहा महिन्यांनी पुन्हा हजर राहून संमती कायम असल्याचे सांगावे. हे सहा महिनेही योग्य प्रकरणात माफ करता येतात असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. संमती नसेल तर क्रूरता, दोन वर्षांचा त्याग, व्यभिचार अशी कारणे सिद्ध करावी लागतात. न्यायिक विभक्तता हा मधला प्रकार. त्यात लग्न टिकते, एकत्र राहण्याचे बंधन तेवढे सुटते.

याखेरीज एक नोटीस खेड्यात फार घबराट उडवते. तिला लोक नांदायला येण्याची नोटीस म्हणतात. कायद्यात तिचे नाव दांपत्यहक्कांचे पुनर्स्थापन. ती आली म्हणजे पोलिस धरून नेतील असे नाही आणि घटस्फोट झाला असेही नाही. मात्र ती फळीवर टाकून देणे धोक्याचे. ठरल्या तारखेला गेले नाही तर एकतर्फी हुकूम होतो, आणि त्यानंतर वर्षभर नांदणे झाले नाही तर तोच घटस्फोटाला आधार होतो. न्यायालयाचा कोणताही कागद आला की तारीख पाहावी आणि जावे.

पोटगीविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. लोकांच्या तोंडी १२५ कलम बसले आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा आला, त्यात तेच कलम १४४ झाले. नंबर बदलला, हक्क तोच. पत्नी, घटस्फोटित व पुन्हा लग्न न केलेली पत्नी, अज्ञान मुले आणि स्वतःचे पोट भरू न शकणारे आईवडील यांना त्याखाली दरमहा रक्कम मागता येते. पूर्वी ५०० रुपयांची मर्यादा होती, ती २००१ मध्ये काढून टाकली. २०२० साली नागपूरच्या एका दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की, दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, देणी व मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर उघड करावी आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. यापूर्वी निकालाच्या तारखेपासून दिली गेली की मधली वर्षे बुडत. पगारदार नवरा "मला काहीच पगार नाही" म्हणाला तर त्याच्या खात्याचा उतारा न्यायालय मागवते. असे उतारे आम्ही स्वतः काढून दिले आहेत.

आईवडिलांची पोटगी म्हटले की मुलगाच डोळ्यांपुढे येतो. कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीविरुद्ध तिच्या वडिलांनी अर्ज केला होता. मुलगी जबाबदार नाही असा बचाव होता. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. हक्क मुलीला, तसे कर्तव्यही मुलीला.

मग दुसरीचे काय? हा प्रश्न मराठी मुलखातूनच दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८८ च्या यमुनाबाई आढाव प्रकरणात लग्न विधिपूर्वक झाले होते, पण नवऱ्याची पहिली बायको हयात होती. न्यायालय म्हणाले, लग्न शून्य, सबब ही पत्नी नव्हे, हिला १२५ खाली पोटगी नाही. त्यानंतर पंचवीस वर्षांनी संगमनेर भागातील प्रकरण औरंगाबाद खंडपीठातून वर गेले. स्वतःच्या पहिल्या लग्नातून रीतसर मोकळ्या झालेल्या बाईशी एका माणसाने २००५ साली आपले पहिले लग्न लपवून मंदिरात लग्न केले. पुढे पहिली बायको दारात उभी राहिली तेव्हा ही गरोदर होती. खालच्या न्यायालयाने तिला महिना १००० व मुलीला ५०० रुपये दिले. त्यावर नवरा यमुनाबाईंच्या निकालाचा आधार घेऊन भांडत राहिला. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, ज्याने फसवले त्याला स्वतःच्याच लबाडीचा फायदा घेता येणार नाही, पोटगीपुरते तिला पत्नी मानावे. दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहावेत. दुसरीला फसवले असेल तर पोटगीचा आधार आहे. सर्व माहीत असून ती आली असेल तर १९८८ चा निकाल आडवा येतो. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा काहीसा रुंद आहे, त्यात लग्नासारख्या संबंधात एका घरात राहिलेल्या स्त्रीलाही संरक्षण मागता येते. पण वारसा? वारसा नाही.

आता बँकेच्या भाषेत बोलू. ठेवीवर नॉमिनी लावण्याची सोय १९८५ पासून आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेने रक्कम कोणाच्या हाती द्यायची, एवढेच त्या नावाने ठरते. दिली की बँक मोकळी. पुढे ती रक्कम नॉमिनीने वारसांसाठी धरलेली असते आणि वारस ती त्याच्याकडून मागू शकतात. घराघरांत भिंतीवर असणाऱ्या कालनिर्णय दिनदर्शिकेचे जनक जयंतराव साळगावकर २०१३ साली वारले. त्यांच्या शेअर व म्युच्युअल फंडांवर नॉमिनींची नावे होती आणि मृत्युपत्रही होते. नॉमिनी मालक होतो की नाही यावर घरातच दावा झाला, तो दहा वर्षे चालला. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की नॉमिनेशनने वारसा बदलत नाही. बँक ठेवींबाबत हे तत्त्व आधीच ठरलेले होते. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीने वेगळी तरतूद आली. आईवडील, पती-पत्नी व मुले नॉमिनी असतील तर त्यांना रकमेचा लाभ मिळण्याचा हक्क दिला आहे. म्हणून पॉलिसीवर लग्नापूर्वी लावलेले मित्राचे, चुलत्याचे नाव आजच बदलावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींवर चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहून.

वारस कोण? पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याची आई, विधवा, मुलगे व मुली हे पहिल्या वर्गातले वारस, सर्वांना सारखा वाटा. वडील या वर्गात नाहीत, भाऊ तर नाहीच. आमच्या त्या मिस्त्रीची ठेव त्याच्या स्वतःच्या कमाईची होती. फारकत न्यायालयातून झालेली नव्हती, म्हणून पहिलीच विधवा. दुसरीचे लग्न शून्य, तिला स्वतःचा वाटा नाही. परंतु शून्य विवाहातील मुले औरस मानली जातात आणि आईबापांच्या मालमत्तेत त्यांना वाटा असतो. १ सप्टेंबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तर वडिलोपार्जित मिळकतीत बापाच्या वाट्याला जे आले असते त्यातही त्यांना हिस्सा दिला आहे. म्हणून वाटे पाच : आई, पहिली बायको, तिचा मुलगा आणि दुसरीच्या दोन मुली. प्रत्येकी ७२ हजार. नॉमिनी असलेल्या भावाला काहीच नाही. जिने दवाखाना केला तिलाही नाही. तिच्यापुढे हा हिशेब मांडताना आम्हाला जड गेले. कायदा न्याय्य आहे की नाही हा वेगळा प्रश्न. दवाखान्यात असताना मिस्त्रीने साध्या कागदावर मृत्युपत्र लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली असती, तर स्वतःच्या कमाईपैकी तो तिला हवे ते देऊ शकला असता. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. लोक ते अशुभ समजून टाळतात.

जमिनीच्या बाबतीत मुलींचा हक्क महाराष्ट्रात केंद्राच्याही आधी आला, २२ जून १९९४ रोजी, पण तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरता. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ची, तीत विवाहित-अविवाहित हा भेद गेला. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने हेही स्पष्ट झाले की, २००५ साली वडील हयात होते की नव्हते याच्याशी संबंध नाही, हक्क जन्मानेच मिळतो. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या रीतसर वाटण्या उकरता येत नाहीत. तलाठ्याकडे वारस नोंद झाली, सात-बारावर नाव चढले म्हणजे मालकी ठरली असाही एक समज आहे. ती महसुलाची नोंद असते. नाव चढले नाही म्हणून बहिणीचा वाटा जात नाही, आणि भावाचे एकट्याचे चढले म्हणून सगळे त्याचे होत नाही.

वाटा जातो तो हक्कसोडपत्राने. येथे आम्हाला आमचेच सांगितले पाहिजे. २०११ साली आमचे वडील वारले. चार एकर रान, आम्ही दोघे भाऊ आणि अक्का. रीत म्हणून अक्काला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेले, तिने सही केली, आम्ही साडी-चोळी केली. कागदात काय लिहिले आहे हे आम्ही तिला वाचून दाखवले नाही. तिने विचारलेही नाही. आम्ही पदवीधर, बँकेत कागद तपासणारे! पुढे तिचे यजमान आजारी पडले, मुलीची नर्सिंग कॉलेजची फी भरायची वेळ आली, तेव्हा ती आमच्याकडे उसने मागायला आली, आणि उसने हा शब्द ऐकून आम्हाला लाज वाटली. नोंदणीकृत हक्कसोड फिरवणे सोपे नसते. फसवणूक झाली हे सिद्ध करावे लागते, आणि ते आमच्याच विरुद्ध. शेवटी आम्ही एक एकर तिच्या नावे बक्षीसपत्राने करून दिले, मुद्रांक शुल्क भरले. हिशेबाने तिचा वाटा त्याहून जास्त होतो. धाकटा भाऊ अजून तयार नाही.

पालकत्व व ताबा हे दोन शब्द वेगळे आहेत, हेही सांगून ठेवतो. ताबा म्हणजे मूल कोणाजवळ राहते. पाच वर्षांच्या आतील मूल सर्वसाधारणपणे आईजवळ राहते. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय व सह्या करण्याचा अधिकार. कायद्यात वडील आणि त्यांच्यानंतर आई असे लिहिले आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला, तेव्हा त्यांना वडिलांची सही मागितली गेली. त्या प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, "नंतर" म्हणजे वडील मेल्यावरच असे नव्हे, ते लक्ष घालत नसतील तेव्हाही आईच पालक. आजही एखादा नवा कर्मचारी मुलाच्या खात्यासाठी बापाच्या सहीवर अडून बसतो, तेव्हा आम्ही त्याला ही गोष्ट सांगतो. दत्तकाबाबत एवढेच की मुलगी दत्तक घेता येते, होम लागत नाही, आणि नोंदणीकृत लेख केलेला बरा.

वकिलाची फी हा अडसर पुष्कळांना थांबवतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेक पुरुषही यात बसतात. बीडला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती. साधा अर्ज, जातीचा दाखला, असतील ती कागदपत्रे. फोनसाठी १५१०० हा क्रमांक आहे, स्त्रियांसाठी १८१, बालविवाह थांबवण्यासाठी १०९८.

मिस्त्रीची पहिली बायको याच वाटेने गेली. तिला मोफत वकील मिळाला, वारसा प्रमाणपत्रासाठी अर्ज झाला आणि न्यायालयाच्या मनाई हुकुमामुळे बँकेने भावाला रक्कम दिली नाही. प्रकरण लोकअदालतीत मिटले. वाटे पाच पडले. म्हातारीने आपल्या वाट्यातले निम्मे दुसरीच्या हातात दिले, ते कोणत्याही कलमात नव्हते. दोन्ही मुलींच्या रकमा त्या सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत आहेत, पालक म्हणून आईची सही आहे. थोरलीच्या पावतीची मुदत २०२९ साली संपते.